डोंगरातील ओवऱ्या आणि व्यापाऱ्यांची दाने

कार्तिकी पौर्णिमा झाली की कसारा घाटाच्या रस्त्यावर पांढऱ्या वस्त्रांतील छोटे छोटे समूह दिसू लागतात. चातुर्मास संपवून साधू-साध्वी विहाराला निघालेले असतात. घोटी, इगतपुरी, कसारा हा मुंबईकडचा उतार ते पहाटेच्या गारव्यात अनवाणी उतरतात. नाशिकच्या व्यापारी पेठांतील जैन कुटुंबांना हे दृश्य नवे नाही. अनेक घरांतील श्रावक-श्राविका पहिल्या मुक्कामापर्यंत त्यांच्यासोबत चालतही जातात. मात्र या पायवाटांना किती जुना इतिहास आहे, आणि दोन हजार वर्षांपूर्वीही याच डोंगरांत श्रमण पावसाळ्यात थांबत व व्यापारी त्यांची सोय पाहत, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

अलीकडे तरुण पिढीला डोंगर चढण्याची गोडी लागली आहे. पाऊस सुरू होताच हरिहर, अंजनेरी, कळसूबाई या वाटांवर शनिवार-रविवारी रीघ लागते. परंतु श्रमण परंपरेचे पंचांग याच्या नेमके उलट चालते. पावसाळ्यात भूमीवर अंकुर, शेवाळ, गोगलगाई, असंख्य सूक्ष्म जीव असतात. पायाखाली ते चिरडू नयेत म्हणून जैन साधू विहार थांबवतात. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास हा त्याच ऋतूतला, त्याच विचाराच्या जवळचा नियम. ज्या कुटुंबांत आठ महिने विहार आणि चार महिने स्थिरता हा नियम पिढ्यान्पिढ्या ऐकला गेला, त्या घरातील मुलांनी डोंगरयात्रा कार्तिकी पौर्णिमेनंतर आखणे अधिक शोभून दिसते. तेव्हा आकाश स्वच्छ असते, कातळ कोरडा असतो आणि वाट निसरडी नसते, हा व्यवहाराचा लाभ वेगळाच.

त्रिरश्मी डोंगरावरची हिशेबवही

नाशिक शहराच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा महामार्गालगत, त्रिकोणी माथ्याचा एक डोंगर उभा आहे. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. शिलालेखांतील त्याचे नाव तिरण्हु, म्हणजेच त्रिरश्मी. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आणि बुद्ध स्मारक आहे. सुमारे दोनशे पायऱ्या चढल्या की 24 लेण्यांची ओळ लागते. सर्वांत जुने लेणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातले मानले जाते, आणि पुढे कित्येक शतके येथे कोरीव काम होत राहिले. पांडवांचा या लेण्यांशी काही संबंध नाही. ती बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी कोरली गेली.

बहुतेक प्रेक्षक येथे शिल्पे पाहतात, छायाचित्रे काढतात आणि उतरतात. व्यापारी घरातील माणसाने मात्र आधी भिंतींकडे पाहावे. या भिंती म्हणजे एक उघडी हिशेबवही आहे. दान कोणी दिले, किती दिले, कोठे गुंतवले, व्याजाचा दर काय, त्या व्याजातून कोणाला काय मिळायचे आणि व्यवहाराची नोंद कोठे झाली, हे सारे ब्राह्मी अक्षरांत कातळावर कोरलेले आहे.

दहाव्या क्रमांकाचे लेणे क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात, म्हणजे ऋषभदत्त, याने कोरवून घेतले. त्याच्या लेखात 3000 कार्षापणांच्या दानाचा तपशील आहे. ही रक्कम त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. गोवर्धन हे गाव आजही नाशिकच्या पश्चिमेस गंगापूर रस्त्यावर आहे. एका श्रेणीकडे 2000 कार्षापण, दरमहा शेकडा एक या व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे 1000 कार्षापण, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल कधीही परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे, अशी स्पष्ट अट आहे. अशा दानाला 'अक्षयनीवी' म्हणत. पहिल्या रकमेचे व्याज वस्त्रांसाठी होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण वस्त्रांसाठी मिळावेत, असे लेख सांगतो.

येथे पेढीवर बसणाऱ्या वाचकाने थोडा हिशेब करून पाहावा. 2000 वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला 20, वर्षाला 240. आणि 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 म्हणजेही 240. एका कार्षापणाचाही फरक नाही. दान ठरवणाऱ्याने आधी खर्च मांडला, मग व्याजाचा दर पाहिला आणि त्यावरून मुद्दल काढले, हे उघड दिसते. दुसऱ्या रकमेचे वर्षाला 90 कार्षापण येत. ते भिक्षूंच्या इतर गरजांसाठी होते. शेवटी हा व्यवहार निगमसभेत ऐकवण्यात आला आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवण्यात आला, असेही लेखात आहे. निगमसभा म्हणजे व्यापाऱ्यांची, नगरप्रमुखांची सभा. राजाचा जावई असूनही दानाला साक्ष मात्र बाजाराची ठेवली गेली.

दोन दर वेगळे का, हा प्रश्न कोणत्याही सावकाराला सुचेल. लेखात कारण दिलेले नाही. एक श्रेणी अधिक भक्कम असेल, तिच्याकडे पैसा सुरक्षित म्हणून दर कमी, असा तर्क करता येतो; परंतु तो तर्कच.

ऋषभदत्ताच्या दुसऱ्या लेखात भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे त्याने बांधलेल्या विश्रामगृहांचा उल्लेख आहे. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपुर म्हणजे मंदसौर, शूर्पारक म्हणजे नालासोपारा. पार, दमणगंगा, तापी, डहाणूची खाडी अशा ठिकाणी त्याने प्रवाशांसाठी विनामूल्य नावा ठेवल्या. नकाशावर ही नावे जोडली की पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून घाटावर चढणारा व्यापारी मार्ग समोर येतो. पैठणहून नाशिकमार्गे थळ घाटातून सोपाऱ्याकडे उतरणारे बैलांचे तांडे याच रस्त्याने जात. आज कसारा घाटातून मालमोटारी जातात. दिशा तीच आहे.

राजघराण्यांची दाने प्रसिद्ध आहेत. पण जैन व्यापारी कुटुंबांना अधिक जवळचा वाटेल तो सहाव्या लेण्यातील एक छोटा लेख. वीर नावाचा एक गृहपती होता. लेख त्याला 'नेगम' म्हणतो, म्हणजे व्यापारी. त्याने हे लेणे दिले. त्याची पत्नी नंदश्री हिने एक ओवरक दिला, कन्या पुरुषदत्ता हिने दुसरा. ओवरक म्हणजे भिक्षूची लहान खोली. मराठीतील 'ओवरी' हा शब्द त्याच कुळातला. चार खोल्यांचे ते लेणे चारही दिशांच्या भिक्षुसंघाला अर्पण झाले. ते घराणे कोणत्या मालाचा व्यापार करी, याची माहिती नाही. एवढे मात्र दिसते की त्या घरात पत्नीच्या आणि मुलीच्या नावाने स्वतंत्र दान दिले जात होते आणि ते त्यांच्या नावानेच कोरले जात होते. आजही अनेक मंदिरांच्या दानफलकांवर पुरुषाचे नाव आणि पुढे 'सहपरिवार' एवढेच असते. त्या तुलनेत पुरुषदत्तेचे नाव सुदैवी म्हणायचे.

शेजारच्या लेण्यांत आणखी नावे भेटतात. मुगुदास या दासक, म्हणजे कोळी, गृहस्थाने सपरिवार लेणे दिले. दत्तामित्री नगराचा इंद्राग्निदत्त हा योनक, म्हणजे ग्रीक वंशाचा, येथे दाता म्हणून आढळतो. चैत्यगृहाच्या दाराशी धंबिक गावच्या ग्रामस्थांचे दान आहे. विसाव्या लेण्याची कथा तर चटका लावणारी आहे. बोपकी नावाच्या यतीने ते सुरू केले, परंतु ते अनेक वर्षे अपुरे पडून राहिले. पुढे यज्ञश्री सातकर्णीच्या काळी महासेनापती भवगोप याची पत्नी वासु हिने ते पुरे करवून भिक्षुसंघाला दिले. अपुरे काम पुरे करणारीचेही नाव तितक्याच आदराने कोरले आहे.

सर्वच दाने सुरळीत चालली असे मात्र नाही. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केल्यावर भिक्षूंना ऋषभदत्ताकडची जमीन दिली. काही वर्षांनी राजाला आणि राजमातेला गोवर्धनच्या अमात्यास पुन्हा पत्र पाठवावे लागले: कखडी गावी दिलेले शेत कसले जात नाही, गावात वस्ती उरलेली नाही, म्हणून आता नगराच्या सीमेवरच्या राजकीय जमिनीतून 100 निवर्तने द्यावीत. राजाचे दानही ओसाड पडू शकते, आणि ते ओसाड पडले की कोणीतरी चौकशी करून बदली द्यावी लागते, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांनी भिंतीवर न लपवता लिहून ठेवले. आजच्या कोणत्या धर्मादाय संस्थेच्या वार्षिक अहवालात 'मागील दान निष्फळ ठरले' असे वाक्य सापडेल?

नहपानाच्या नाण्यांचे पुढे काय झाले, त्याचाही पुरावा नाशिक जिल्ह्यातच मिळाला. 1906 साली सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे 13,000 हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ती सारी नहपानाची. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप पुन्हा मारला होता. चांदी तीच ठेवून राजाचे नाव बदलले होते. बाजाराला चांदीशी मतलब असतो, याचे इतके बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षीचा एक लेखही येथे आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी गोवर्धनच्या श्रेणींकडे रक्कम ठेवली. त्यांत तेली होते आणि पाण्याची यंत्रे करणारे 'ओदयंत्रिक' कारागीरही होते. ऋषभदत्तानंतर शतकाहून अधिक काळ लोटला, राजघराणी बदलली, तरी नगरातील कारागिरांच्या श्रेणीवर ठेवीसाठी विश्वास टिकून होता.

आणि अकरावे लेणे. ते दहाव्याच्या शेजारी, थोडे उंचावर आहे. शिवमित्र नावाच्या लेखकाचा पुत्र रामणक याने ते बौद्ध भिक्षूंना दिले. पुढे बौद्ध भिक्षू हा डोंगर सोडून गेले आणि सुमारे अकराव्या शतकात जैन साधकांनी येथे ऋषभदेवांची आणि अंबिकेची प्रतिमा कोरली. कोणताही विध्वंस न करता, रिकाम्या भिंतीवर. त्याच सुमारास नाशिकच्या उत्तरेस म्हसरूळच्या डोंगरावर गजपंथाची जैन लेणी आकार घेत होती. सात बलभद्र आणि आठ कोटी यादव राजे येथून मोक्षाला गेले अशी दिगंबर परंपरेची श्रद्धा असल्याने ते सिद्धक्षेत्र मानले जाते. चारशेहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर एका बाजूला गोदावरीचे खोरे आणि दूर त्रिरश्मीचा माथा दिसतो. एकाच दिवसात सकाळी गजपंथ व दुपारी त्रिरश्मी सहज होतात. लहान मुलांसह निघालेल्या कुटुंबाने येथूनच सुरुवात करावी.

अंजनेरीची दुकाने, इगतपुरीचे ध्यान

त्र्यंबक रस्त्यावरील अंजनेरी हनुमानाचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. डोंगराच्या पायथ्याशी, शेतांच्या कडेला यादवकालीन मंदिरांचे भग्न अवशेष विखुरलेले आहेत आणि त्यांतील काही जैन आहेत. येथील शके 1063, म्हणजे इसवी सन 1141-42 च्या शिलालेखात यादव कुळातील सेउणदेवाच्या काळी आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या मंदिरासाठी बाजारातील दुकाने दान दिल्याची नोंद आहे. हजार वर्षांच्या अंतराने दानाची रीत तीच राहिली: मंदिराला एकरकमी पैसा न देता उत्पन्नाचे साधन द्यायचे. श्रेणीकडील ठेवीची जागा दुकानाच्या भाड्याने घेतली. आज मंदिर भग्न आहे आणि त्या बाजाराचा मागमूसही नाही. माथ्याकडे जाणाऱ्या वाटेवर एक लहान जैन लेणे लागते; घाईत चढणाऱ्यांचे त्याकडे लक्षही जात नाही.

इगतपुरीजवळच्या त्रिंगलवाडीची स्थिती याहून बिकट आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी एक ऐसपैस जैन लेणे आहे. दाराची चौकट कोरीव, मंडप मोठा, गाभाऱ्यात आदिनाथांची मूर्ती. मूर्तीचा वरचा भाग फोडला गेला आहे. पद्मासनातील पाय आणि आसन तेवढे उरले. पावसाळ्यात मंडपात पाणी साचते, गुरे आसऱ्याला येतात, किल्ल्यावर जाणारे घटकाभर विसावतात. कोणी पुजारी नाही, कोणाची नियमित ये-जा नाही. येथे जीर्णोद्धाराच्या नावाखाली रंग, सिमेंट किंवा नवी संगमरवरी मूर्ती आणण्याचा उत्साह कोणी दाखवू नये. प्राचीन वास्तूत असे काही करणे पुरातत्त्व कायद्याच्या विरुद्ध तर आहेच, शिवाय ज्याने मूळ कातळ कोरला त्याच्याशीही ते अन्यायाचे आहे. परंतु पाणी बाहेर जाण्याची वाट, गुरांना अटकाव आणि चार ओळींचा माहितीफलक, एवढ्यासाठी संबंधित खात्याकडे पाठपुरावा करणे नाशिकच्या संघांना अशक्य नाही. नव्या मंदिराच्या शिखराला जेवढा खर्च येतो त्याच्या अल्पांशात एक अक्षयनीवी उभी राहील, आणि तिचा हिशेबही ऋषभदत्ताइतका सरळ मांडता येईल.

त्रिंगलवाडीहून परतताना इगतपुरी गावामागच्या टेकडीवर सोनेरी पॅगोडा दिसतो. ते धम्मगिरी, विपश्यनेचे केंद्र. त्याची हकिकतही व्यापारी घराण्याशी जोडलेली आहे. सत्यनारायण गोयंका यांचा जन्म 1924 साली म्यानमारमधील मंडाले येथे, तेथे स्थायिक झालेल्या मारवाडी व्यापारी कुटुंबात झाला. ते स्वतः उद्योजक होते. तीव्र डोकेदुखीच्या विकाराने त्रस्त असताना ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ध्यान शिकले. हे ऊ बा खिन म्हणजे म्यानमार सरकारचे महालेखापाल! हिशेबनिसाने व्यापाऱ्याला ध्यान शिकवले, आणि तो व्यापारी 1969 साली ते घेऊन भारतात आला. 1976 पासून इगतपुरीला त्याचे केंद्र सुरू झाले. त्रिरश्मीवरील भिक्षू निघून गेल्यानंतर शतकानुशतके रिकाम्या राहिलेल्या या डोंगररांगांत मौन पाळून बसणारे साधक पुन्हा आले. गोयंका दीक्षा घेऊन भिक्षू झाले नाहीत, अखेरपर्यंत गृहस्थच राहिले. जैन कुटुंबांतूनही अनेक जण दहा दिवसांच्या शिबिराला जातात. तेथील भोजन शाकाहारी असते, मात्र कंदमुळांविषयी आधी विचारून घेतलेले बरे.

दूरच्या हिमालयाकडे

नाशिकचे गिर्यारोहक आता उन्हाळ्यात लडाख आणि स्पितीकडेही वळतात. मार्खा खोऱ्यातून गावोगावी चालत जाणे, घरातच मुक्काम करणे, सकाळी गोंपातील प्रार्थना ऐकणे, याचे आकर्षण स्वाभाविक आहे. ज्याने त्रिरश्मीच्या भिंती आधी वाचल्या आहेत, त्याला मात्र तेथे एक ओळखीची रचना दिसेल. गाव खाली, नदीकाठच्या जवाच्या शेतांत; गोंपा वर, कड्यावर. गावाने धान्य द्यायचे, घरातील एखादा मुलगा भिक्षू म्हणून पाठवायचा. गोंपाने शिक्षण, औषध आणि धार्मिक विधी सांभाळायचे. आणि या साऱ्याच्या शेजारून व्यापाराचा मार्ग जायचा. लेहच्या बाजारातून तांडे पाच हजार मीटरहून उंच असलेली काराकोरम खिंड ओलांडून यारकंदला जात. त्या बाजारात पंजाबातील होशियारपूरच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. अल्चीचा प्रसिद्ध गोंपा अंजनेरीच्या मंदिरांच्या आसपासच्या काळातला मानला जातो.

जैन प्रवाशाची खरी परीक्षा उंचीपेक्षा ताटात होते. त्या थंड प्रदेशात बटाटा, मुळा, सलगम, कांदा हाच भाज्यांचा आधार. थुक्पात मांस असण्याचीही शक्यता. जवाचे भाजलेले पीठ, अर्थात त्सांपा, वाटाणा, जर्दाळू आणि घरून नेलेले खाखरे, मेथीचे ठेपले, कोरडी भाजणी यांवर दिवस काढावे लागतात. यजमानाला पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगितले तर तो समजून घेतो. भिक्षूंच्या आहारनियमांची सवय असलेल्या माणसांना व्रत ही गोष्ट परकी नसते. सूर्यास्तापूर्वी भोजन हा नियम तर डोंगरात सोयीचाच ठरतो. उंचीवर पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी आणि भरपूर उकळलेले पाणी प्यावे. त्या दिवसांत उपवास करण्याचा हट्ट मात्र धरू नये.

अंकाई आणि येवला

मनमाडजवळ रेल्वेच्या खिडकीतून दोन जुळे किल्ले दिसतात, अंकाई आणि टंकाई. अंकाई गावातून टंकाईकडे चढू लागले की डोंगराच्या कुशीत जैन लेण्यांची रांग लागते. ती दहाव्या ते बाराव्या शतकांतील असून त्यांत दुमजली लेणीही आहेत. दारांवरची बारीक नक्षी, छतावरचे कमळ, इंद्र आणि अंबिका यांच्या भव्य मूर्ती. वेरूळच्या जैन लेण्यांची आठवण व्हावी असे काम. अनेक मूर्तींचे चेहरे गेलेले आहेत. तरीही येथे त्रिंगलवाडीपेक्षा बरी देखरेख आहे, आणि गाव जवळ असल्याने वर्दळही असते.

अंकाई ज्या तालुक्यात येते ते येवले पैठणीचे गाव म्हणून व्यापारी घरांना माहीत असते. त्याच गावी 13 ऑक्टोबर 1935 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची ऐतिहासिक घोषणा केली. एकवीस वर्षांनी नागपूरला ती प्रत्यक्षात आली. म्हणून नाशिक जिल्ह्यातील बौद्ध वस्त्या केवळ लेण्यांत शोधायच्या नाहीत. खेड्याखेड्यांतून आज निळ्या कमानीमागे एक लहान विहार दिसतो, आणि त्रिरश्मीवर बुद्धपौर्णिमेला येणारी कुटुंबे पर्यटक म्हणून येत नाहीत. जैन यात्रेकरूने तेथे गेल्यावर हे ध्यानात ठेवावे. ज्या ओवरीत आज वटवाघळे दिसतात ती कोणाच्या तरी श्रद्धेची जागा आहे, मग ती अंकाईची असो वा त्रिरश्मीची.

मांगी-तुंगी

या साऱ्या प्रवासाचा शेवटचा आणि सर्वांत उंच टप्पा बागलाणात. नाशिकहून सटाणा, ताहराबाद अशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपासची वाट. सेलबारी-डोलबारी या रांगांत साल्हेर, मुल्हेर आणि मांगी-तुंगी एकमेकांना पाहत उभे आहेत. साल्हेर 1567 मीटर उंच. महाराष्ट्रात कळसूबाईखालोखाल त्याचाच क्रमांक. 1672 मध्ये मराठ्यांनी मोगलांना येथे मोकळ्या मैदानात हरवले, आणि 2025 साली हा किल्ला जागतिक वारसा यादीत आला. बागुल राजांची राजधानी मुल्हेर. तेथे 'महमुदी' नाणे पाडले जाई; सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या मालाचा मार्ग बागलाणातून होता, त्यामुळे या नाण्याला बाजारात चलन होते.

मांगी-तुंगीच्या पायथ्याशी भिलवाडी. दिगंबर परंपरेनुसार राम, हनुमान, सुग्रीव, गवय, गवाक्ष, नील, महानील यांच्यासह नव्याण्णव कोटी मुनी येथून सिद्धपदाला गेले. श्रीकृष्णाच्या देहावर बलभद्रांनी येथेच अंत्यसंस्कार केले अशीही श्रद्धा आहे; कृष्णकुंड त्या कथेची खूण. सुमारे साडेतीन हजार पायऱ्या आहेत. वर गेल्यावर वाट दोन फुटते: एका सुळक्याकडे मांगी, दुसऱ्याकडे तुंगी. कातळाला वळसा घालणाऱ्या अरुंद कड्यावरून प्रदक्षिणा होते आणि भिंतीत कोरलेल्या शेकडो जिनप्रतिमा हाताच्या अंतरावरून जातात. 108 फुटी भगवान ऋषभदेवांची अखंड पाषाणातील मूर्ती याच डोंगरात आहे. गणिनीप्रमुख ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने 1996 साली तिचा संकल्प झाला आणि फेब्रुवारी 2016 मध्ये पंचकल्याणक महोत्सव झाला. बहुसंख्य यात्रेकरू तेवढे दर्शन घेऊन परततात. जुन्या गुहांकडे जाण्यास दोन-तीन तास अधिक लागतात, आणि तेवढा वेळ काढणाऱ्यांची संख्या कमीच.

ज्येष्ठांसाठी डोली मिळते. ती वाहणारे आजूबाजूच्या आदिवासी पाड्यांतील तरुण असतात. साडेतीन हजार पायऱ्या खांद्यावर माणूस घेऊन चढणे म्हणजे काय, हे त्यांच्या मागून चालल्याशिवाय कळत नाही. पुण्ययात्रेत मजुरीची घासाघीस न करणे एवढे तरी यात्रेकरूंच्या हातात आहे. वाटेत प्लॅस्टिकची बाटली टाकू नये, माकडांना फरसाण घालू नये, गुहेत अगरबत्तीचा धूर करू नये. काजळीने प्रतिमांची नाके-डोळे बुजत चालले आहेत.

पहाटे साडेचारला चढाई सुरू केली तर ऊन चढण्यापूर्वी मांगीची प्रदक्षिणा पूर्ण होते. तुंगी करून दुपारी खाली यावे. स्वच्छ दिवशी वरून साल्हेरचा माथा, पलीकडे सप्तशृंगीची रांग आणि त्यापुढे धोडप स्पष्ट दिसतो. धर्मशाळेत भोजन सूर्यास्तापूर्वी मिळते; चौविहार करणाऱ्यांनी परतीची वेळ त्या हिशेबाने ठरवावी.